कुहीच्या पाण्यातल्या चौदा म्हशी

नागपुरात समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या कॉलेजला एका मंगळवारी अडचणीची वाटेनाशी झाली. त्या दिवशीच्या स्टाफ मीटिंगमध्ये आमच्या विभागप्रमुखांनी जाहीर केलं की प्राणिशास्त्र विभागात ‘सागरी सस्तन प्राणी संशोधन, संवर्धन व क्षेत्र-प्रशिक्षण केंद्र’ स्थापन होत आहे. मूल्यांकन समिती पुढच्या वर्षी येणार होती. शेजारच्या कॉलेजने फुलपाखरांचं केंद्र काढलं होतं, आणि वाघांची केंद्रं शहरात इतकी झाली होती की तिथे शिरायला जागा उरली नव्हती. शिवाय प्रमुखांनी गोव्याला पर्यटकांच्या बोटीतून एक डॉल्फिन पाहिला होता, निदान त्याची पाठ पाहिली होती. केंद्राची वैचारिक बैठक एवढीच.

मी त्या विभागात सत्तावीस वर्षं शिकवत होते. दर वर्षी फळ्यावर डावीकडे शार्क, उजवीकडे डॉल्फिन काढायचे. याची शेपटी उभी, त्याची आडवी, हा कल्ल्यांनी श्वास घेतो, तो फुप्फुसांनी. देवमाशांवरचं जे हाती लागलं ते सगळं मी नंदनवन कॉलनीतल्या घराच्या गच्चीवर बसून वाचलं होतं. जिवंत प्राणी एकही पाहिला नव्हता. याची लाज वाटायचं वय निघून गेलं होतं, आणि सहकाऱ्यांपैकी कुणाला ती वाटत असल्याचं दिसत नव्हतं. प्रमुखांनी केंद्राचं नाव वाचलं तेव्हा मी हसले. म्हणून मला प्रभारी नेमलं.

उद्‌घाटनाला महाल भागातल्या डेकोरेटरने कापडाच्या आणि पुठ्ठ्याच्या निळ्या लाटा आणल्या. त्या आधी कुठल्या तरी क्षीरसागराच्या देखाव्यात वापरलेल्या असाव्यात, कारण एका लाटेमागून शेषाच्या फण्याचं टोक वर आलेलं होतं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, मग सत्कार. प्राचार्यांनी पाहुण्यांचा केला, प्रमुखांनी प्राचार्यांचा, संस्थेच्या सचिवांनी प्रमुखांचा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून माइकवाल्याला हाक मारली, कारण माइक बंद पडला होता. त्याचाही सत्कार होतो की काय अशी मला भीती वाटली.

प्रमुख पाहुणे बांधकाम व्यवसायातले होते. ते म्हणाले, “डॉल्फिन हा अत्यंत हुशार मासा आहे. मी दुबईला पाह्यला. बॉल खेळते. आपल्या पोरांनी या माशापासून शिकलं पाहिजे.”

शेजारी बसलेल्या प्रमुखांच्या कानात मी म्हटलं, “सर, मासा?”

“जाऊ द्या ना मॅडम, पाहुणे आहेत.”

“तुम्ही आभार मानताना दुरुस्त करा.”

“त्यांनी हॉलला एसी दिला मॅडम,” प्रमुख म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले.

या सगळ्यात एक खरं माणूस आलं होतं. कोकण किनाऱ्यावर डॉल्फिनांचं काम करणारी एक संशोधक बाई, चाळिशीची, उन्हाने रापलेली, पायात रबरी सँडल. तिच्या खांद्यावर घातलेली शाल तिने घडी करून लॅपटॉपखाली ठेवली, कारण पडदा उंच होता. सत्कार लांबल्यामुळे तिच्या एका तासाची बारा मिनिटं झाली होती. तिने तक्रार केली नाही. स्लाइड बंद केल्या आणि सांगितलं की हिवाळ्यात सहा आठवडे तिच्या केंद्रावर प्रशिक्षण असतं. रोज पहाटे बोटीवर जायचं, पाठीवरच्या पराच्या खाचांवरून एकेक प्राणी ओळखायचा, किनाऱ्यावर मेलेला वाहून आला तर नाक बांधून त्याची चिरफाड करायची. राहणं-खाणं केंद्राचं. आमच्या कॉलेजसाठी ती एक जागा ठेवणार होती.

“अट एकच,” ती म्हणाली. “दहा सकाळी कुठल्याही मोठ्या पाण्याकाठी बसा. पाण्याखालून वर येणारं काहीही मोजा. किती वाजता, कुठल्या दिशेला, अंदाजे किती लांब. पाणकावळा बुडाला तर किती वेळाने वर आला ते लिहा. काही नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिहा. ते कागद मला पाठवा, जसे असतील तसे. इथे असं पाणी कुठे आहे?”

प्रमुखांनी अंबाझरी तलावाचं नाव घेतलं आणि तिथे बोटिंग बंद आहे की चालू यावर सचिवांशी वाद घातला. मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, कुही तालुक्यातल्या एका खेड्यातली, वर्गात फारसं न बोलणारी.

“आमच्या गावाले आहे मॅडम. धरणाचं बॅकवॉटर. सकाळच्या पारी पलीकडचा काठ नाही दिसत.”

“मग झालं,” संशोधक बाई म्हणाली. “काठ दिसत नसेल तर तो समुद्रच.”

अर्ज चौघांनी केले. तीन जण नागपुरातले. त्यांना प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यात गैर काही नाही, आमच्याकडे सगळ्यांना तेच हवं असतं. चौथी ही मुलगी. तिचं घरच्यांशी ठरलेलं होतं: या हिवाळ्यात काही झालं तर ठीक, नाही तर उन्हाळ्यात बी.एड.चा फॉर्म. घरच्यांचंही मी समजू शकते. धानाच्या शेतावर राबणाऱ्या माणसाला, आपली पोरगी पाण्यातला प्राणी पाहायला सहा आठवडे कोकणात जाणार, हे ऐकून आनंद कशाचा होणार? बी.एड. निदान शब्द तरी ओळखीचा आहे. मुलीने मला हे एकदा जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं आणि वर म्हणाली, “शिकवायचं नाही मले मॅडम. राग नका मानू.” मी राग मानला नाही. सत्तावीस वर्षं शिकवल्यावर त्यात राग मानण्यासारखं काही वाटत नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी तिच्या गावी गेले. प्रभारी या नात्याने एक भेट द्यावी लागणार होती आणि फोटो काढावे लागणार होते. सूर्य नुकताच वर आला होता. पाण्यावर धुकं होतं, त्यात बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे उभे होते. या बुंध्यांची अंतरं तिने आधीच दोरीने मोजून ठेवली होती, म्हणजे अंदाज चुकला तर किती चुकला ते कळावं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. भूगोल विभागाचं होकायंत्र गळ्यात अडकवून ती काठाच्या पाळीवर पोतं टाकून बसली होती. समोरच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत होतं, आणि गावच्या म्हशी मधलं पाणी पोहून तिकडे चरायला जात होत्या. पाण्यावर फक्त नाकं आणि शिंगं. तीही कधी दिसत, कधी धुक्यात जात.

म्हशींचा मालक, डोक्याला दुपट्टा बांधलेला सत्तरीचा म्हातारा, काठावर उभा राहून बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. शेवटी आला.

“काहून मोजून राहिली वं माह्या म्हशी?”

“मोजून नाही राहिली काका. पाहून राहिली.”

“हातात कागद, हातात पेन, अन् म्हणते पाहून राहिली.” तो माझ्याकडे वळला. “तुमी सरकारच्या का बाई?”

“नाही, कॉलेजची.”

“मंग ठीक. सरकारवाले मोजून गेले की मांगं काही ना काही कमी होते.” तो मुलीच्या कागदावर वाकला. “किती लिवल्या?”

“अकरा.”

“अकरा? चौदा हायेत! माह्या म्हशी मले मालूम नाही का?”

“मले अकरा दिसल्या.”

“मंग तीन काय मेल्या?”

“धुक्यात असतील. नाही तं एकीच्या मांगं एक असतील.”

“असतील न? मंग लिव ना चौदा.”

तिने घड्याळ पाहिलं, पुन्हा डावीकडून उजवीकडे सगळं पाणी नजरेखालून घातलं आणि नऊ लिहिलं. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला.

“आता नऊ! दहा मिन्टात दोन खाल्ल्या हिनं! बाई, तुमी शिकवता का हिले? हे शिकवलं?”

“मी नाही,” मी म्हटलं. ते खरं होतं.

“काका,” मुलगी डोळे पाण्यावरून न काढता म्हणाली, “किती हायेत ते नाही लिवायचं. किती दिसल्या ते लिवायचं. हायेत अन् दिसल्या यात फरक किती पडते, तेच तं पाहायचं आहे. समुद्रात कोणी येऊन सांगत नाही, चौदा हायेत म्हणून.”

म्हाताऱ्याने यावर जरा विचार केला. माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांपेक्षा जास्त केला.

“म्हंजे मी चौदा सांगितलं तं तुहं बिघडलं?”

“थोडंसं.”

“पह्यले सांगाचं ना मंग, तोंड बंद ठेव म्हातारा म्हणून,” तो म्हणाला आणि खूश होऊन हसत विडी काढायला लागला.

ती पुढचं काहीतरी लिहीत होती म्हणून मी कागदावर पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मालकाने चौदा सांगितलं. आता मी चौदा शोधत राहीन, अशी भीती आहे.’ मी आयुष्यात काही हजार जर्नलं तपासली असतील. त्यांतल्या एकातही निरीक्षण करणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांची भीती वाटल्याचं वाचलेलं मला आठवत नाही. फोटो काढायचे राहून गेले. परत येताना मला वाटत होतं की ही जागा हिची झाली, आता कुणी मध्ये येऊ नये. मध्ये कोण येईल याचा अंदाज मात्र मला नीट बांधता आला नाही.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. आमच्या प्रयोगशाळांत प्रत्येक प्रयोग दोनदा लिहिला जातो: एकदा कच्चा, एकदा पक्का. कच्चा म्हणजे जे झालं ते. पक्का म्हणजे जे व्हायला हवं होतं ते. व्हायला हवं होतं ते काय, हे प्रयोग सुरू होण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. अडलेल्याला लॅब अटेंडंट परीक्षेतही कानात सांगून जातो. पक्क्यावर मार्जिनच्या रेघा, शिसपेन्सिलीची आकृती, पहिल्या पानावर ‘प्रमाणित करण्यात येते की’. शिक्षकाने पक्क्यावर सही केली की कच्ची पानं तिथल्या तिथे आडवी फाडून टोपलीत टाकायची, नाही तर पुढच्या वर्षीची मुलं ती वापरतात. हा नियम मला माझ्या शिक्षकांनी शिकवला आणि मी तो पुढे चालवला. तो फाडण्याचा आवाज बाहेर जर्नल घेऊन उभ्या असलेल्या मुलांना फार आवडतो. सुटलो, असा त्याचा अर्थ.

चौघांचे कागद प्रमुखांकडे गेले, कारण अर्ज कॉलेजमार्फत जायचे होते. शहरातले तिघं मुलीच्या गावी दोनदा जाऊन आले होते. उरलेल्या आठ सकाळी त्यांनी कॅन्टीनमध्ये साजऱ्या केल्या. त्यांनी म्हाताऱ्याला आकडा विचारला होता, त्याने सांगितला होता, आणि सगळीकडे चौदा लिहून ते मोकळे झाले होते. प्रमुखांनी चारही संच शेजारी ठेवले तेव्हा त्यांना दिसलं की तीन बरोबर आहेत आणि एक चुकलेला आहे. त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. हे सगळं मला पुढे तिच्याकडून कळलं.

“बाळा, म्हशी किती आहेत?”

“चौदा आहेत सर, पण—”

“मग अकरा, नऊ, तेरा, हे काय? एका दिवशी तर पाच. असं पाठवलं तर ते काय म्हणतील? नागपूरच्या पोरांना म्हशी मोजता येत नाहीत, आणि चालले डॉल्फिन मोजायला.”

“सर, मॅडमनं पाहिलं आहे. त्यायले विचारा.”

“मॅडमशी बोललो मी. त्यांनीच सांगितलं, पक्कं करून घ्या.”

माझ्याशी ते बोललेले नव्हते. मुलीने दोन दिवस बसून पक्कं केलं. दहा सकाळी, प्रत्येक सकाळी चौदा. शेऱ्याच्या रकान्यात चौघांनीही सारखंच लिहिलं: ‘निरीक्षण समाधानकारक’. प्रमुखांनी चार वह्या स्पायरल करून घेतल्या, वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरखाली उडी मारणाऱ्या डॉल्फिनचं चित्र, आणि कच्चे कागद मागे टाचून सगळं सहीसाठी माझ्या टेबलावर पाठवलं.

टेबलावर त्या दिवशी बी.एस्सी.ची चाळीसेक जर्नलं होती. चारच्या आधी ऑफिसात द्यायची होती. डाव्या हातात चहा, उजव्या हातात पेन, असा माझा सहीचा वेग चांगला होता. एका सत्रात शंभर जर्नलं उडवल्याची मी बढाईही मारलेली आहे. पान उघडायचं, कोपऱ्यात सही, मागची कच्ची पानं ओढायची, आडवी फाडायची, टोपली. स्पायरलच्या वह्या गठ्ठ्याच्या तळाशी होत्या. कव्हर मला दिसलं. त्या चित्रावर मी काहीतरी शेलका शेराही मारला, शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या, आणि मी सही केली. चारदा. फाडलं. चारदा.

मुलगी दारात उभी होती. तिला मी पाहिलं. “झालं गं तुझं,” मी म्हटलं. ती “हो मॅडम” म्हणाली आणि गेली.

कोकणातून उत्तर दोन आठवड्यांनी आलं. प्रमुखांनी ते नोटीस बोर्डाच्या काचेमागे लावलं. मी जाता जाता वाचलं: ‘चार निरीक्षक, चाळीस सकाळी, धुक्यातसुद्धा दर वेळी चौदा. अशी नजर आमच्याकडे गेली कित्येक वर्षं समुद्रावर काम करणाऱ्यांनाही लाभलेली नाही.’ कागदाचा खालचा भाग मागे दुमडून टाचणी लावलेली होती. मी शिपायाकडून किल्ली घेतली, काच उघडली आणि घडी सोडली. खाली लिहिलं होतं: ‘खोटी आकडेवारी भरणाऱ्यांना आम्ही बोटीवर घेत नाही. चारही अर्ज नामंजूर. वह्यांवर सही करणाऱ्या प्राध्यापकांनी याचा विचार करावा.’

मुलीला मी बोलावलं. ती आली, समोर उभी राहिली, बस म्हटल्यावरही बसली नाही.

“तू आकडे का बदललेस?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “सर म्हणाले, तुम्हीच सांगितलं.”

“मी नाही सांगितलं.”

“पण सही केली ना तुम्ही.”

“मी वाचलं नव्हतं.”

“मग सही कशाची केली मॅडम?”

हा प्रश्न तिने उर्मटपणे विचारला असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कच्च्या कागदांची झेरॉक्स आहे का विचारलं. मोबाइलवर फोटो?

“नाही. मी उभी होती ना दारात. तुम्ही फाडले ते पाहिलं मी. मले वाटलं, तुम्ही वाचूनच फाडून राहिल्या. मले वाटलं, वरती असंच असते.”

मी टोपली पाहिली. दोन आठवड्यांत ती किती वेळा रिकामी झाली असेल हे काही मला नव्याने कळायचं नव्हतं, तरी पाहिली.

प्रमुखांना मी सांगितलं की मी संशोधक बाईंना खरं काय झालं ते लिहिणार आहे. त्यांनी आधी माझ्यासाठी चहा मागवला, मग दार लावून घेतलं.

“मॅडम, केंद्राची बदनामी होईल. समिती येऊन राहिली आहे.”

“एका मुलीची जागा गेली सर.”

“पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरीला पाठवू ना. जागा कुठे पळून चालली?”

“हिला पुढचं वर्ष नाही.”

“मग बी.एड. करेल. बी.एड. वाईट आहे का? माझी बायको बी.एड. आहे.”

मी माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलं. सही माझी, फाडलं मी, मुलीने दहा सकाळी पाण्याकाठी बसून जे पाहिलं तेच लिहिलं होतं, त्यातली एक सकाळ मी शेजारी उभी होते. शेऱ्याच्या रकान्यातलं तिचं वाक्य आठवत होतं तसं लिहिलं. बाईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

“माझा विश्वास आहे तुमच्यावर,” ती म्हणाली. “पण विश्वासाचं मी काय करू? कागद नाहीत. जागा मी अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, महिनाअखेरीला देईन. तिला म्हणावं, पुन्हा दहा सकाळी बस. कागद रोजच्या रोज फोटो काढून थेट मला. कॉलेजमार्फत नको. आणि मॅडम, त्यावर तुमची सही नको.”

डिसेंबर होता. गावात धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं, घरात प्रत्येक हात हवा होता. कॉलेजात सबमिशनं होती. मी म्हटलं, मी पहाटे गाडी घेऊन येते, तुला परत कॉलेजला आणते. ती “नको मॅडम” म्हणाली. मी म्हटलं, निदान प्रॅक्टिकलची हजेरी मी बघून घेईन. तेव्हा मात्र तिचा आवाज चढला.

“लावू नका. मी नाही आली तं नाही आली लिवा.”

मी दहा दिवस तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. प्रमुखांनी तेवढं बरोबर पकडलं आणि तिला नोटीस काढली. तिला हजेरीसाठी अर्ज करावा लागला, वडिलांची सही आणावी लागली, आणि वडिलांनी सही करताना काय काय ऐकवलं असेल याची मी कल्पना करू शकते. त्या दहा दिवसांत तिने काय पाहिलं ते मला माहीत नाही. किती म्हशी, किती पाणकावळे, म्हातारा गप्प बसला की नाही, काहीच नाही. मला कुणी कागद दाखवले नाहीत आणि मागण्याचा अधिकार मी टोपलीत टाकलेला होता.

तिला जागा मिळाली हे मला ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं. ती बोनाफाइड घ्यायला आली होती, सांगत होती सोमवारची गाडी आहे. मी वर्गात होते, फळ्यावर डावीकडे शार्क, उजवीकडे डॉल्फिन. वर्ग संपवून खाली आले तोवर ती कुहीच्या बसला गेली होती.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. सचिव, प्राचार्य, प्रमुख पाहुणे, विभागप्रमुख, सगळे नमस्कार करत. ‘आमच्या केंद्राच्या विद्यार्थिनीची सागरी झेप.’ विद्यार्थिनीचा फोटो प्रवेशअर्जावरून घेतलेला होता. कडेला रबरी शिक्क्याचा अर्धा गोल दिसत होता. तिच्या खाली एका गोलात मी. ‘मार्गदर्शक’.

मी प्रमुखांना फाटकापाशी गाठलं. “सर, यातला माझा फोटो काढा.”

त्यांनी वर पाहिलं, डोळे बारीक केले. “छोटा झाला का मॅडम? मी त्या पोराला म्हटलं होतं, मॅडमचा थोडा मोठा घे. पुढच्या वेळी करू.”

“मोठा नको. काढा. तिचे कागद मी फाडले होते.”

“ते कोणाला माहीत आहे?” ते खरोखर समजावणीच्या सुरात म्हणाले. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी पाहिलं आणि परत ठेवला. “तिने बोटीवरून एक व्हिडिओ पाठवला पाहिजे. कॉलेजचं नाव घेऊन, दोन मिनिटांचा. समितीला दाखवता येईल. मी कालपासून लावून राहिलो, फोन उचलून नाही राहिली. तुमचा उचलते का?”

मी तिला एकदाही फोन केलेला नव्हता.

“माहीत नाही,” मी म्हटलं.